मोटारीचें लोखंड आणि काळी माती

जून महिन्याच्या मध्यावर यवतमाळ जिल्ह्यांत मोठा पाऊस सुरू होतो आणि दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी या बाजूंचे शेतांतून जाणारे रस्ते एका रात्रींत आपलें रूप पालटतात. उन्हाळ्यांत जी माती भुकटीप्रमाणें मोटारीच्या मागें उधळत होती, तीच आतां चाकांना, मडगार्डांना आणि गाडीच्या पोटाला घट्ट बिलगून बसते. गाडी घरीं येते, मालक तिचें वरचें अंग धुवून पुसून लखलखीत करतो, आणि खालच्या चिखलाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. असे पांच-सहा पावसाळे लोटल्यावर एखाद्या दिवशीं मडगार्डावरील रंगाला बारीकसा फोड आलेला दिसतो. बोट लावतांच तो फुटतो आणि बोट पत्र्यांतून आरपार जातें. मग पावसानें गाडी खाल्ली असा निवाडा होतो. हा निवाडा अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग माणसाला कसा कळला आणि कळल्यावर त्यानें त्यावर काय उपाय योजिले, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

लोखंड हें निसर्गांत शुद्ध स्वरूपांत क्वचितच सांपडतें. प्राणवायूशीं जखडलेल्या अवस्थेंत, तांबड्या-काळ्या दगडाच्या रूपानें तें भूमींत असतें. भट्टींत कोळशाच्या प्रखर उष्णतेनें त्या दोघांची ताटातूट करावी तेव्हां कोठें धातु हातीं येतो. ही विद्या विदर्भाला नवी नाहीं. नागपूर जिल्ह्यांत नायकुंड येथें १९७८ ते १९८० या काळांत जें उत्खनन झालें, त्यांत इसवी सनापूर्वीं सुमारें सातशें वर्षांची लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. विदर्भांतील शिलावर्तुळांच्या खालीं त्या प्राचीन काळच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम अशा लोखंडी वस्तूही मृतांबरोबर पुरलेल्या मिळाल्या आहेत. अशा वस्तूंवर गंजाचें कवच चढावें यांत नवल नाहीं. माणसानें बळजबरीनें जो प्राणवायु लोखंडापासून वेगळा केला, तो ओलीच्या साह्यानें पुन्हां त्याच्याशीं जुळतो आणि धातु आपल्या मूळच्या मातीकडे परत वळतो. गंज म्हणजे लोखंडाचा हा परतीचा प्रवास होय. कुऱ्हाडीचा धनी असो कीं मोटारीचा मालक असो, त्याला हा प्रवास कायमचा थांबवितां येत नाहीं. लांबवितां मात्र पुष्कळ येतो.

लांबविण्याची ही कला मोटारीच्या आधीं बैलगाडीनें शिकविली होती. गाडीच्या चाकावर बसविलेली लोखंडाची धांव, तिचा आख आणि कुणी हे तिचे मोलाचे लोखंडी भाग. धांव रोजच्या घर्षणानें चकचकीत राही. आखाला मात्र वंगण लागे. तेलांत भिजविलेला चिंधीचा बोळा आखाशीं ठेवावयाचा हा शेतकऱ्याचा नित्याचा परिपाठ होता. या वंगणानें चाक सुरळीत फिरे, हें त्याला दिसे. पण त्याच तेलानें पाणी आणि हवा आखापासून दूर राहत, हा दुसरा लाभ न बोलतां पदरांत पडे. पुढें मोटारी आल्या तेव्हां विलायतेंत चार्ल्स वेकफील्ड याच्या कंपनीनें एरंडेल मिसळून इंजिनाचें वंगण तयार केलें आणि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच १९०९ सालीं त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें. शेतकऱ्याच्या ओळखीचें एरंडेल असें नव्या यंत्राच्या कामीं आलें.

यवतमाळ जिल्ह्यांत लोखंडी वाहनाचें मोठें आगमन झालें तें आगगाडीच्या रूपानें. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटर लांबीचा अरुंद रुळांचा मार्ग १९०३ सालीं सुरू झाला. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गापर्यंत आणि तेथून मुंबई बंदराकडे नेणें हा त्याचा मुख्य हेतु होता. किलिक निक्सन कंपनीच्या आश्रयानें १९१० सालीं स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे या मार्गाची मालकी दीर्घकाळ राहिली. लोकांनीं मात्र या गाडीला ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानेंच ओळखलें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें झेडी जातीचें वाफेचें इंजिन १९२३ मध्यें या मार्गावर आलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं डिझेल इंजिनाला जागा करून देईपर्यंत तें राबत राहिलें. म्हणजे सत्तरांहून अधिक पावसाळे त्यानें अंगावर झेलले.

पाणी, वाफ, कोळशाची राख आणि धूर यांच्या अखंड सहवासांत असणारें यंत्र इतकीं वर्षें टिकतें, याचें एक कारण त्याच्या जाड पोलादांत आहे. दुसरें कारण आगगाडीच्या शिस्तींत आहे. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्यें पुसणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग असे. पुढें ज्याला फायरमन आणि मग ड्रायव्हर व्हावयाचें, त्यालाही पुष्कळदां आरंभीं तेलकट सुताचा बोळा हातांत घेऊन इंजिनाचे दांडे आणि चाकें पुसावीं लागत. गिरणींत वायां गेलेलें सूत या कामीं येई. कारखान्यांत आणि गॅरेजांत त्याला ‘कॉटन वेस्ट’ असेंच म्हणतात. पुसतां पुसतां हात प्रत्येक सांध्यावरून फिरे, भेग असल्यास ती बोटांना कळे, आणि जातां जातां तेलाचा पातळ थर लोखंडावर राही. सफाई, तपासणी आणि संरक्षण हीं तीन कामें एकाच हातानें होत असत.

मोटारीच्या वांट्याला अशी शिस्त आली नाहीं. ती एका कुटुंबाची वस्तु. तिला शेड नाहीं आणि पुसणाऱ्यांचा वर्गही नाहीं. शिवाय तिची घडणच नाजूक. आरंभींच्या मोटारींचें अंग घोडागाडीप्रमाणें पुष्कळसें लांकडाचें होतें. अमेरिकेंत एडवर्ड बड यानें दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचीं अंगें बनविण्याचा उद्योग सुरू केला आणि १९१४ पासून डॉज बंधूंनीं तीं मोठ्या प्रमाणावर घेतलीं. तेव्हांपासून मोटार म्हणजे मुख्यतः पत्रा हें समीकरण रूढ झालें. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. बॉयलरच्या जाड पोलादाला गंजानें मिलिमीटरभर खाल्लें तरी तें उभें राहतें; मोटारीच्या मडगार्डाचें मात्र तेवढ्यांत भोंक होतें.

या पत्र्याचें पहिलें कवच रंग हेंच होतें. हेन्री फोर्ड याच्या प्रसिद्ध ‘टी’ गाडीला १९१४ ते १९२५ या काळांत एकच काळा रंग मिळे. तो डांबरासारख्या खनिज द्रव्यांत जवसाचें तेल मिसळून आणि पत्र्यावर भट्टींत भाजून तयार होई. म्हणूनच तो चिवट असे. १९२३-२४ मध्यें ‘ड्युको’ या झटपट वाळणाऱ्या रंगाचा उदय झाला आणि जेथें रंगकामाला आठवडेच्या आठवडे लागत तेथें तें थोडक्या काळांत होऊं लागलें. निळ्या, हिरव्या, तांबूस गाड्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. मुंबईस जनरल मोटर्सनें १९२८ सालीं गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून गाड्या निघूं लागल्या. अशा रीतीनें मध्यमवर्गीय घरांपर्यंत मोटार पोहोंचली. तिच्याबरोबर एक समजूतही पोहोंचली कीं वरचा रंग चमकत आहे तोंवर गाडी सुखरूप आहे. या समजुतीला शास्त्रानें त्याच सुमारास धक्का दिला होता. पण प्रयोगशाळेंतील ती वार्ता गॅरेजपर्यंत सहसा आली नाहीं.

ती वार्ता अशी. इंग्लंडांत डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन हा संशोधक हवेंत धातु कसे खराब होतात याचा अभ्यास करीत होता. त्यानें लोखंडाचे कांहीं तुकडे उघडे टांगले आणि कांहीं तसेच तुकडे पातळ मलमलीच्या पिंजऱ्यांत ठेविले. हवा आणि ओल मलमलींतून सहज आंत जात होती. अडत होती ती केवळ धूळ. उघडे तुकडे गंजले. मलमलीआडचे जवळजवळ निर्मळ राहिले. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या साध्या प्रयोगानें धुळीचा हात प्रथमच स्पष्ट पकडला गेला. धुळीचा कण हवेंतील ओल आपल्याकडे ओढून घेतो आणि धरून ठेवितो. त्याच्या तळाशीं गंजाचा पहिला ठिपका जन्म घेतो. पुढें व्हर्ननें असेंही दाखविलें कीं, धुरांतील गंधकाचा वायु हवेंत असतां तिच्यांतील सापेक्ष ओल शेंकडा साठाच्या आसपास जातांच गंजण्याचा वेग एकाएकीं वाढतो.

दुसरी गोष्ट केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यानें त्याच दशकांत सिद्ध केली, आणि ती तर अधिकच अनपेक्षित होती. त्यानें स्वच्छ पोलादावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून काय होतें तें पाहिलें. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते आणि मध्यभागीं ती कमी पोहोंचते. प्राणवायूनें लोखंड गंजतें म्हटल्यावर कड आधीं झिजावी असें कोणालाही वाटेल. प्रत्यक्षांत लोखंड झिजलें तें मध्यभागीं! जेथें प्राणवायु कमी, तो भाग आणि जेथें तो अधिक, तो भाग यांच्यामध्यें विजेच्या घटाप्रमाणें सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, आणि त्या प्रवाहांत कोंडलेल्या भागांतील लोखंड विरघळून जातें. एका थेंबाखालीं जें घडतें तेंच चिखलाच्या ढेंपेखालीं मोठ्या प्रमाणावर घडतें. ढेंपेबाहेरचा पत्रा हवेशीर असतो, ढेंपेखालचा कोंडलेला असतो, आणि नाश होतो तो झांकलेल्या पत्र्याचा.

आतां यवतमाळच्या चिखलाचा विचार करावा. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली ही माती अत्यंत बारीक कणांची आहे. तिच्यांतील चिकण द्रव्य पाणी पिऊन फुगतें आणि वाळतांना आकसून भेगाळतें. पाणी धरून ठेवण्याच्या या गुणामुळेंच येथें कापूस पिकतो, आणि पावसाळा संपल्यावरही केवळ मातींतल्या ओलीवर जवसासारखें रब्बीचें पीक उभें राहूं शकतें. शेताच्या दृष्टीनें जो गुण, तोच मोटारीच्या दृष्टीनें दोष. पाऊस पत्र्यावरून वाहून जातो आणि एका उन्हानें पत्रा सुकतो. मडगार्डाच्या दुमडींत बसलेली काळी माती मात्र वरून कोरडी दिसली तरी आंतून दिवसेंदिवस ओली राहते. वरील निवाड्यांतील राहिलेला अर्धा भाग हाच: पाऊस येऊन जातो, गाडी खाते ती तेथेंच मुक्काम करून राहिलेली ओली माती.

याच विचाराला दुसरी बाजू आहे आणि ती आशादायक आहे. मुंबई-कोकणच्या हवेंत समुद्राचें मीठ असतें आणि ओल जवळजवळ बारमास असते. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेथील जुन्या गाड्यांचे तळ त्यामुळें चाळणीसारखे होतात. यवतमाळला समुद्र नाहीं, बर्फ नाहीं. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि वर्षांतील बरेच महिने हवा कोरडी असते. म्हणजे जो मालक चिखल तेवढा वेळच्या वेळीं दूर करील, त्याच्या लोखंडाला येथें दीर्घायुष्य लाभण्यास मोठी अडचण नाहीं.

चिखल दूर करणें ही झाली पहिली पायरी. लोखंड आणि ओल यांच्यामध्यें भिंत घालणें ही दुसरी. या भिंतीचें सर्वांत जुनें आणि गाजलेलें द्रव्य महाराष्ट्रांतील घराघराला निराळ्याच नात्यानें परिचित आहे. मारुतीच्या मूर्तीला परंपरेनें तेलांत कालवून जो शेंदूर लावीत आले, तो रासायनिक दृष्ट्या शिशाचा तांबडा ऑक्साइड होय. हाच शेंदूर जवसाच्या तेलांत खलून तयार केलेलें अस्तर जगांतील पूल, जहाजें, आगगाड्या आणि मोटारींचे सांगाडे यांना पिढ्यान्‌पिढ्या लावलें गेलें. जवसाचें तेल इतर खाद्य तेलांसारखें नाहीं. तें हवेंतला प्राणवायु शोषून घेतें आणि हळूहळू घट्ट, चिवट पापुद्र्यांत बदलतें. त्यांत शेंदूर असला म्हणजे शिशाचे साबण बनतात आणि ते लोखंडाच्या पृष्ठभागावर गंजाची क्रियाच मंद करितात. महाराष्ट्रांत जवसाचें मुख्य क्षेत्र विदर्भच; म्हणजे ज्या काळ्या मातीनें लोखंडाला ग्रासलें, तिच्यांतूनच त्याचें औषधही उगवत होतें.

या औषधाला विषाचीही बाजू होती आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. शिसें शरीरांत सांचतें. रंग घासतांना उडालेली भुकटी श्वासावाटे आणि हातावाटे पोटांत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम विशेष घातक होतो. भारत सरकारनें २०१६ सालीं केलेल्या नियमांनीं घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांपुरतें मर्यादित केलें आणि हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. शेंदराची जागा आतां जस्ताच्या फॉस्फेटसारख्या द्रव्यांनीं घेतली आहे. तथापि जुन्या गाड्यांच्या रंगाखालीं तो शेंदूर अद्याप निजलेला असूं शकतो. असा नारिंगी थर दिसल्यास तो कोरडा घासूं नये. ओला करून, नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधून आणि मुलांना दूर ठेवूनच तें काम करावें. जवसाच्या तेलाचे चिंधे गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, हेंही तितकेंच महत्त्वाचें. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते आणि अशा चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यांत बुडवून टाकावेत.

शेंदरानंतरचा मोठा टप्पा फॉस्फरसाचा. इंग्लंडांत थॉमस कॉस्लेट यानें १९०६ सालीं फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणांत लोखंड बुडवून त्यावर करडा फॉस्फेटचा थर बसविण्याचें पेटंट घेतलें. पुढें १९१५ सालीं डेट्रॉइटमध्यें पार्कर कंपनी याच कामासाठीं निघाली, आणि मोटारींच्या पत्र्याला रंगापूर्वीं असा थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. गंमत अशी कीं, या युक्तीचा सर्वांत जुना दाखला दिल्लीस उभा आहे. कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षांचा असून त्याचें वजन सहा टनांहून अधिक आहे. त्या काळच्या भट्टीच्या रीतीमुळें त्याच्या लोखंडांत फॉस्फरस आजच्या पोलादापेक्षां पुष्कळ अधिक राहिला. कानपूरच्या आय. आय. टी. चे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनीं आपल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, या फॉस्फरसामुळें स्तंभाच्या पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. स्तंभाला जें वरदान योगायोगानें लाभलें, तें कारखान्यानें मोटारीला हेतुपूर्वक दिलें.

इतर उपायांचा उल्लेख थोडक्यांत करण्याजोगा आहे. जस्ताचा मुलामा फ्रान्समध्यें सोरेल यानें १८३७ सालीं पेटंट करून घेतला. जस्त स्वतः झिजतें आणि लोखंडाला वांचवितें, ही त्याची उदारता. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ मध्यें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. १९२५ नंतर बंपर, दिव्यांच्या कडा आणि रेडिएटरचें तोंड यांवर क्रोमचा मुलामा चढूं लागला. क्रोम स्वतः गंजत नाहीं, पण त्याच्या थरांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात; त्यांत ओली धूळ बसली कीं खालच्या पोलादाला तांबडे ठिपके पडतात. म्हणून क्रोमलाही रोजची पुसणी आणि मेणाचा हात लागतोच. शेवटचा मोठा टप्पा १९६० नंतरचा. संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें कानाकोपऱ्यांत अस्तर चढविण्याची पद्धत फोर्ड कंपनीनें प्रथम प्रचारांत आणली आणि पुढील दोन दशकांत ती जगभर रूढ झाली.

त्यापूर्वीं बांधलेल्या गाड्यांचा कमकुवतपणा कोठें असतो हें यावरून उमगतें. १९३४ च्या सीत्रोएन गाडीपासून स्वतंत्र चासी सोडून अंगालाच सांगाडा करण्याची पद्धत वाढली. दाराखालच्या पट्ट्या, खांब, तळाच्या कडा हे भाग पत्र्याच्या पोकळ पेट्या बनले. या पेट्यांच्या आंत कुंचला जात नाहीं आणि नजरही जात नाहीं. पाणी मात्र जातें, आणि त्याबरोबर मातीचा गाळही. डेट्रॉइटमध्यें कुर्ट झीबार्ट या कारागिरानें १९५० नंतरच्या दशकांत पेट्यांना लहान भोंकें पाडून आंत मेणासारखें द्रव्य फवारण्याची रीत काढली ती याचसाठीं. तळाला जाड डांबर फांसण्याची जी सोपी चाल गॅरेजांत पडली, ती मात्र जपून वापरावी लागते. गंजावर आणि धुळीवर फांसलेलें डांबर कालांतरानें भेगाळतें, भेगेंतून पाणी आंत शिरतें आणि बाहेर पडत नाहीं. मग इव्हान्सच्या प्रयोगांतील थेंबाप्रमाणें कवचाच्या आडच लोखंड संपतें आणि तें संपल्याचें शेवटपर्यंत दिसतही नाहीं.

हा सर्व खटाटोप केवळ हौसेचा नाहीं, असें आतां कायदाही म्हणूं लागला आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार नियमांत दुरुस्ती करून प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी खाजगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशा वाहनांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठीं तीं वाहनें चालवितां येत नाहींत. यांतील अट लक्षांत घेण्यासारखी आहे. वाहन मूळ स्वरूपांत असलें पाहिजे. चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. इंजिनाचा सुटा भाग मिळूं शकतो, कांच मिळूं शकते. पण सांगाडाच गंजून गेला आणि नवा घडवावा लागला, तर गाडी चालेल, तिचें मूळपण मात्र गेलें तें गेलें. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींनीं ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं निरोप घेतला. एके काळीं ज्यांची मोजदाद करण्याची कोणास गरज वाटत नसे, अशा गाड्या आतां एकेक करून मोजाव्या लागतील.

तेव्हां करावयाचें काय? शास्त्र आणि अनुभव दोघेही सांगतात तें अगदीं साधें आहे. पावसाळ्यांत शेताच्या रस्त्यावरून आलेली गाडी वरून धुण्याआधीं खालून धुवावी. चिखल ओला आहे तोंवर तो सहज सुटतो. मडगार्डाच्या दुमडी, स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटी आणि दिव्यांच्या मागील खोबणी येथें बोटें घालून माती उरली नाहीं हें पाहावें. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठीं बारीक भोंकें असतात. तीं काडीनें मोकळीं ठेवावींत. गाडी पूर्ण सुकल्यावांचून तिच्यावर आच्छादन घालूं नये, आणि तें घालावयाचें तर हवा खेळूं देणारें सुती असावें. प्लॅस्टिकच्या आड ओल कोंडते. सुटे भाग ठेवावयाचे तर तेल किंवा ग्रीस लावून, जमिनीपासून उंच, कोरड्या फळीवर ठेवावेत; ओल धरणाऱ्या गोणपाटांत गुंडाळूं नयेत.

जेथें गंज चढलाच आहे तेथें तारेच्या कुंचल्यानें सुटा भाग काढून टाकावा. त्यानंतर लावावयाच्या द्रव्यांत टॅनिक आम्लाचें स्थान महत्त्वाचें आहे. तें गंजाशीं संयोग पावून काळा, स्थिर थर बनवितें. जुन्या लोखंडी वस्तूंच्या जतनासाठीं संग्रहालयांतूनही त्याचा उपयोग होतो. हें रसायन नवें वाटलें तरी त्याची ओळख जुनी आहे. हिरड्यांत टॅनिन विपुल असतें, आणि हिरडा व हिराकस यांच्या मिश्रणानें पूर्वीं शाई होत असे, ती याच संयोगानें. ज्या रसायनानें पोथीचीं अक्षरें टिकलीं, तेंच आज जुन्या मोटारीचा पत्रा टिकवूं शकतें.

लोखंड वांचविण्याच्या या दीर्घ कथेंत जवस, शेंदूर, फॉस्फरस, जस्त आणि वीज यांनीं आपापल्या काळीं मोठी कामगिरी केली. पुढेंही नवीं द्रव्यें निघतील. परंतु यांपैकीं एकही द्रव्य चिखलावर लावून चालत नाहीं. प्रत्येकाला आधीं स्वच्छ आणि कोरडें लोखंड लागतें. यवतमाळच्या मार्गावर वाफेचें इंजिन सत्तरांहून अधिक वर्षें टिकलें, त्याला ही सारी नवी रसायनें लाभलीं नव्हतीं. लाभला होता तो तेलकट सुताचा बोळा आणि तो रोज फिरविणारा हात. काळी माती दरसाल आपलें काम करणार, त्यांत तिचा दोष नाहीं. प्रश्न एवढाच कीं, गाडी घरीं आल्यावर तो हात तिच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोंचतो कीं नाहीं.